हे कशावरून? – कुठला कागद रेकॉर्ड आणि कुठला नुसता कागद

दरवर्षी खंडेनवमीच्या आधी आठ दिवस आमच्या सोसायटीतली, म्हणजे मी काम करते त्या पतसंस्थेतली, कपाटं उघडतात. पूजेसाठी तिजोरी, कॉम्प्युटर, नोटा मोजायचं मशीन सगळं पुसून ठेवायचं असतं, त्यासाठी जागा करायची असते, आणि जागा करायची म्हटलं की सगळ्यांचा डोळा जातो मागच्या खोलीतल्या गठ्ठ्यांवर. बेळगावचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, जूनपासून भिंतीला ओल, कागदाला बुरशी, खालच्या फळीला वाळवी. मग तोच वाद. चेअरमन साहेब म्हणतात, "अक्का, दहा वर्षं कुणी हात लावला नाही ह्याला, रद्दीवाल्याला बोलवा आणि खोली मोकळी करा की." आणि आमचे जुने हेडक्लार्क, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते दारात उभे राहून म्हणतात, "एक चिठ्ठी पण टाकायची नाही. कधी काय लागेल कुणी सांगावं."

बावीस वर्षं मी हा वाद ऐकते आहे आणि मला दोघांचंही पटत नाही. साहेब सगळ्याला रद्दी समजतात, काका सगळ्याला रेकॉर्ड समजतात, आणि दोघंही गठ्ठा उघडून आत काय आहे ते बघत नाहीत. खरं तर पतसंस्था असो, शाळा असो, गणपती मंडळ असो की दवाखाना, प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न कधी ना कधी येतो की ह्यातलं रेकॉर्ड कशाला म्हणायचं. ह्याचं एक शास्त्र आहे, त्याचे जगभर मान्य नियम आहेत, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. मला जसं कळलंय तसं सांगते.

आधी एक घडलेली गोष्ट. एका सभासदाचं कर्ज थकलं होतं, वसुलीचा दावा चालू होता. आमच्याकडे फाईल जाडजूड, कर्जाचा अर्ज, जामीनदारांच्या सह्या, मंजुरीचा ठराव, नोटिशीच्या तीन तीन झेरॉक्स. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "नोटीस माझ्या पक्षकाराला पोचली, हे कशावरून?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. नोटीस लिहिली ह्याचा पुरावा होता, पोचल्याचा नव्हता. पुढच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत बसले आणि रद्दीसाठी बाजूला काढलेल्या ढिगात, जुनी कॅलेंडरं आणि बियाणं कंपन्यांच्या डायऱ्यांच्या खाली, मला प्यून बुक सापडलं. लांबट, अरुंद वही, पाठीला लाल कापड, कोपरे कुरतडलेले. चार रकाने, तारीख, जावक नंबर, कुणाला दिलं, सही. त्या तारखेच्या ओळीत जावक नंबर बरोबर आमच्या नोटिशीचा होता आणि सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा, जरा पसरलेला, आणि शेजारी आमच्या शिपाई मामांच्या अक्षरात पेन्सिलीनं "आईनं घेतलं". मामा आता नाहीत. पण त्यांनी उन्हात सायकल मारत त्या गावी जाऊन केलेलं काम त्या एका ओळीत शाबूत होतं.

म्हणजे आम्ही ज्या तीन झेरॉक्स जपल्या त्यातल्या दोन बिनकामाच्या, आणि जी वही रद्दीत निघाली होती ती खरं रेकॉर्ड. तेव्हापासून माझ्यासाठी रेकॉर्डची व्याख्या तो वकिलांचा शब्दच झाला आहे – कशावरून. एखादं काम झालं, एखादा निर्णय झाला, पैसे दिले-घेतले, कुणाला कळवलं, आणि उद्या कुणी विचारलं की हे कशावरून, तर जे पुढं करता येईल ते रेकॉर्ड. ज्याच्यानं कुठल्याच कशावरूनचं उत्तर मिळत नाही ते कितीही जुनं, कितीही गोल शिक्क्याचं असलं तरी नुसता कागद.

आता शास्त्रात हे कसं मांडलंय ते बघा. आयएसओ 15489 म्हणून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, पहिल्यांदा 2001 मध्ये आलं, 2016 मध्ये सुधारून आलं. त्यात थोडक्यात म्हटलंय की संस्थेनं किंवा व्यक्तीनं कायद्याची जबाबदारी पार पाडताना किंवा आपला व्यवहार करताना तयार केलेली, तिच्याकडे आलेली आणि पुरावा म्हणून, ठेवा म्हणून जपलेली माहिती म्हणजे रेकॉर्ड. ह्यात कागद हा शब्दच नाही हे आधी लक्षात घ्या. माहिती म्हटलंय. आणि दुसरं, 'आलेली' पण म्हटलंय, म्हणजे तुम्ही लिहिलेलंच नव्हे, तुमच्याकडे बाहेरून आलेलं पत्रसुद्धा तुमचं रेकॉर्ड होतं, जर त्यावर तुमचं काही काम झालं असेल तर. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, व्यवहार करताना. व्यवहाराच्या ओघात, त्या वेळी, त्या कामासाठी जे तयार झालं ते. नंतर सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं टिपण हे आठवणीचं रेकॉर्ड असेल, त्या मीटिंगचं नव्हे.

ह्यातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच लोकांना पटत नाही, ती म्हणजे एकच कागद एका ठिकाणी रेकॉर्ड असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसतो. आपल्या भागातला उताराच घ्या. खानापूर तालुक्यातला शेतकरी कर्जाला येताना आरटीसी काढून आणतो, आपण पहाणी म्हणतो, उतारा म्हणतो. महसूल खात्याच्या दृष्टीनं तो हातातला कागद फक्त नक्कल आहे, मूळ नोंद त्यांच्या सिस्टिममध्ये आहे, साधारण 2000 च्या सुमारास कर्नाटकात भूमी योजना आली आणि हातानं लिहिलेले उतारे बंद होत गेले तेव्हापासून. तो कागद हरवला तर महसूल खात्याचं काही बिघडत नाही, दुसरा निघतो. पण आमच्या सोसायटीच्या फाईलमधला तोच कागद आमचं रेकॉर्ड आहे! कारण आमचा कशावरून वेगळा आहे. जमीन कुणाची हा आमचा प्रश्नच नाही, ते महसूल खातं सांगेल. आमचा प्रश्न असा की कर्ज देताना तुम्ही जमीन कुणाची ते बघितलं होतं का, हे कशावरून. त्याचं उत्तर त्या दिवशी बघितलेला तो उताराच देतो, आज नवीन काढलेला उतारा ते देऊ शकत नाही, कारण मधल्या काळात फेरफार झाला असेल, वारसा लागला असेल, वाटणी झाली असेल. म्हणून "अक्का, हे काय, परत ऑनलाइन मिळतंय की" असं कुणी म्हटलं तर मी ऐकत नाही.

उलट आमच्याच कचेरीत सहकार खात्याच्या परिपत्रकांच्या झेरॉक्सनी दोन कपाटं भरली आहेत, त्यातली बरीचशी आमच्यासाठी संदर्भ आहेत, रेकॉर्ड नव्हेत. ती ज्या कचेरीनं काढली तिचं ते रेकॉर्ड. आम्ही वाचली, समजून घेतली, नवीन आलं की जुनं टाकलं तरी चालतं. पण ज्या परिपत्रकावर आमच्या संचालक मंडळानं ठराव करून व्याजदर बदलला, त्याची ती एक प्रत, आवक नंबर आणि तारीख पडलेली, ठरावाला जोडलेली, ती रेकॉर्ड. मजकूर अक्षरन् अक्षर तोच. फरक काय, तर तिच्या अंगावर आमचा व्यवहार झालाय.

मग ओळखायचं कसं, तर मी स्वतःला विचारते की हा कागद कुठल्या कामातून निघाला. कागदाकडे बघून ठरवायला गेलं की माणूस फसतो, कारण शिक्का, लेटरहेड, लॅमिनेशन हे सगळं महत्त्वाचं वाटायला लावतं आणि मळकी वही बिनमहत्त्वाची. कामाकडे बघितलं की चटकन सुटतं. वसुली हे काम, त्यात नोटीस लिहिणं एक पायरी, पोचवणं दुसरी पायरी, उत्तर येणं तिसरी. प्रत्येक पायरीला विचारा कशावरून, आणि प्रत्येक पायरीचं एक उत्तर असलं पाहिजे, एकच पुरे. पाच झेरॉक्स म्हणजे पाचपट पुरावा होत नाही.

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना मी हेच सांगितलं. गणपतीची वर्गणी गोळा करता, पावती फाडून देता, बुकात राहते ती स्थळप्रत तुमचं रेकॉर्ड, आणि घरमालकाकडे गेली ती पावती त्यांचं. मंडपाची परवानगी, वीज कंपनी हेस्कॉमचं टेंपररी मीटरचं पत्र, ही पण. मागच्या वर्षीच्या आरतीच्या वेळापत्रकाचा फ्लेक्स नव्हे. पण त्यांनी तो फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर ठेवला होता आणि स्थळप्रतींची बुकं ढोलवाल्याकडे राहिली होती.

कच्चं आणि पक्कं ह्यातला फरक मात्र जरा सांभाळून. साधारण नियम असा की मसुदा रेकॉर्ड नसतो, सही झालेलं पत्र रेकॉर्ड असतं. पत्र तीनदा टाईप केलं, काना-मात्रा सुधारल्या, ते आधीचे दोन कागद टाका, काही बिघडत नाही. पण जिथं बदल हाच निर्णय असतो तिथं मसुदा पण रेकॉर्ड. समजा कर्ज कमिटीनं पाच लाखाची शिफारस लिहिली आणि मॅनेजरनी ती खोडून तीन लाख केली आणि बाजूला कारण लिहिलं, तर तो खाडाखोड झालेला कागद जपायलाच पाहिजे, कारण उद्या प्रश्न येणार आहे की तीनच का. सरकारी फाईलमध्ये म्हणूनच दोन बाजू असतात, एका बाजूला पत्रव्यवहार आणि दुसऱ्या बाजूला टिप्पणी, क्लार्कनं काय लिहिलं, वरच्या साहेबांनी काय शेरा मारला. माहिती अधिकाराचा कायदा 2005 मध्ये आला तेव्हा ह्या टिप्पण्या लोकांना दाखवायच्या की नाही ह्यावर मोठा वाद झाला होता आणि 2006 मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं सांगितलं की फाईलवरची टिप्पणी पण माहितीत येते. मला हे फार योग्य वाटतं. निर्णय काय झाला हे पत्रावरून कळतं, पण कसा झाला हे टिप्पणीशिवाय कळत नाही.

आता मोठा प्रश्न, व्हॉट्सॲप. आमच्या संचालकांचा ग्रुप आहे, सुप्रभात, वाढदिवस, निपाणीला तंबाखूचा दर काय निघाला, सगळं त्यातच. आणि त्यातच एक दिवस रात्री साडेनऊला मेसेज पडतो की अमुक सभासदाला दवाखान्यासाठी ठेवीवर तातडीनं कर्ज द्यायचं आहे, काय करूया, आणि खाली सात जणांचा अंगठा. हे रेकॉर्ड आहे का? लोक म्हणतात, "छे, व्हॉट्सॲप कुठलं रेकॉर्ड." पण पैसे सकाळी दिले गेले ते कशावरून? त्या सात अंगठ्यांवरून. म्हणजे ते रेकॉर्डच, माध्यम कुठलं का असेना. सुप्रभातचं फूल रेकॉर्ड नाही आणि त्याच्याच खालचा मेसेज रेकॉर्ड आहे. म्हणून 'व्हॉट्सॲप रेकॉर्ड असतं का', 'ईमेल रेकॉर्ड असतो का' असे प्रश्नच चुकीचे आहेत, 'पत्र रेकॉर्ड असतं का' असं कुणी विचारत नाही ना, कुठलं पत्र ते बघतो.

कायदा पण ह्यात मागं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा, त्यानं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला मान्यता दिली. कोर्टात ते कसं चालतं ह्यासाठी आधी पुरावा कायद्याचं कलम 65ब होतं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय त्याचं कलम 63. सारांश असा की नुसता प्रिंट काढून कोर्टापुढं ठेवला तर चालत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं की हे कुठल्या यंत्रातून, कसं काढलं, आणि नवीन नमुन्यात हॅश पण लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाईलच्या बोटाचा ठसा समजा, फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. ह्यावर आपल्या शेजारच्या राज्यातलाच एक गाजलेला खटला आहे. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल ह्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा प्रश्न होता, आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुढं आलं. 14 जुलै 2020 ला कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्रच हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. मला त्या खटल्यातली दुसरी गोष्ट जास्त शिकवून गेली. कॅमेरा लावताना कुणी हे पुरावा म्हणून लावला असेल असं नाही, गर्दीवर लक्ष ठेवायला लावला असेल, पण काम घडत असताना ते टिपलं गेलं आणि म्हणून ते कामाचं.

त्या रात्रीच्या सात अंगठ्यांचं आम्ही काय करतो ते पण सांगते, कारण हे विचारणारे पुष्कळ आहेत. ग्रुपवरची चॅट एक्सपोर्ट करून ती तारखेसकट कचेरीच्या कॉम्प्युटरवर ठेवतो, कुणाच्या फोनवर अवलंबून राहत नाही, कारण फोन पाण्यात पडतो, संचालक निवडणुकीत पडतात आणि ग्रुप सोडतात. आणि पुढच्या मीटिंगला पहिला विषय म्हणून त्या मंजुरीला ठरावानं कायम करतो, सूचक, अनुमोदक, सगळं. स्क्रीनशॉटवर मी भरवसा ठेवत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे फोटो, तो कापता येतो, मागचा-पुढचा मेसेज दिसत नाही, नंबर दिसत नाही.

इथंच चांगल्या रेकॉर्डच्या चार खुणा येतात ज्या त्या आयएसओच्या मानकात पण आहेत. ते अस्सल असावं, म्हणजे ज्यानं लिहिलं म्हणता त्यानंच, त्याच वेळी लिहिलेलं. विश्वासाचं असावं, म्हणजे ज्याला त्या कामाची खरी माहिती होती त्यानं लिहिलेलं. अभंग असावं, नंतर कुणी हात मारलेला नसावा. आणि वापरता यावं, म्हणजे शोधलं तर सापडावं आणि सापडलं तर वाचता यावं. पुस्तकी वाटतं ना? आमचं प्रोसिडिंग बुक उघडा, चारही खुणा दिसतात. बांधलेली वही, पानांवर छापील नंबर, त्यामुळं पान फाडलं तर कळतं. ठरावाला क्रमांक. लिहिताना चुकलं तर व्हाइटनर चालत नाही, एक रेघ मारून आधीचं वाचता येईल असं खोडायचं, बाजूला छोटी सही. पान संपताना खाली चार ओळी मोकळ्या राहिल्या तर त्यावर तिरपी रेघ मारायची म्हणजे नंतर कुणी काही घुसडणार नाही. आमच्या काकांनी मला पहिल्याच आठवड्यात ती रेघ शिकवली होती, फुटपट्टीनं, वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यात. मानकाचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

वापरता येणं ही खूण आपल्या सीमाभागात जरा जास्तच नाजूक आहे. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळं इथल्या कितीतरी घरांतले, देवळांतले जुने कागद मराठीत, त्याच्या आधीचे मोडीत, आणि आजचा सरकारी कारभार कन्नडमध्ये. घरात आजोबांची मोडीतली खरेदी आहे पण वाचणारा कुणी नाही, म्हणजे कागद आहे पण कशावरूनचं उत्तर मिळत नाही, अशी कित्येकांची अवस्था. जाणकाराकडून त्याचं लिप्यंतर करून घ्यावं, नक्की घ्यावं, पण लिप्यंतर हाताशी आलं म्हणून मूळ कागद टाकू नका! तसंच कन्नड नोटिशीचं. नोटीस कन्नडमध्ये येते, आपण मराठी भाषांतर करून संचालकांना वाचून दाखवतो. सही-शिक्क्याची कन्नड नोटीस हे मूळ रेकॉर्ड, पण संचालकांनी ज्या भाषांतरावरून निर्णय घेतला ते भाषांतर पण मी त्याच फाईलला लावते, कारण उद्या कुणी म्हणालं की तुम्हाला ह्यातलं कलम माहीतच नव्हतं, तर माहीत होतं हे कशावरून, ते त्यावरून. आणि नावांचं तर विचारू नका, एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत एक, उताऱ्यावर कन्नडमध्ये दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं. हे तिन्ही एकच हे सांगणारं जे अ‍ॅफिडेव्हिट असतं ते फाईलमधून कधी काढू नये.

कागदाला मोल कधी येईल हे त्याच्या जन्माच्या वेळी कळत नाही, हे काकांचं म्हणणं मात्र एका मर्यादेपर्यंत खरं आहे. आपल्याच मुलखातला इतिहास बघा. इंग्रजांनी 1852 च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले, दक्षिण मराठा मुलखात म्हणजे बेळगाव, धारवाड ह्या भागात इनामदारांना विचारलं गेलं की ही जमीन तुम्हाला इनाम आहे हे कशावरून. शब्द वेगळे असतील, प्रश्न हाच. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या, देवळाला लावून दिलेल्या जमिनी, पण सनद दाखवा म्हटल्यावर कुणाची आगीत गेलेली, कुणाची भाऊबंदकीत. कागद नव्हता म्हणून इनामं गेली आणि त्याचा राग लोकांच्या मनात कितीतरी वर्षं राहिला. आणि पडताळायला सरकारनं काय वापरलं, तर पुण्यातलं पेशवे दफ्तर, रुमालात बांधलेले हिशेबाचे कागद, जे पेशव्यांच्या कारकुनांनी वसुलीचा हिशेब लागावा म्हणून लिहिले होते. रुमालात बांधून ठेवायची ती पद्धत मला फार आवडते, प्रत्येक गाठोड्यात एका कामाचे कागद, एकत्र.

अगदी अलीकडे बघा, 2023 पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, आणि नोंदी कुठं शोधल्या तर शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत. ज्या मास्तरांनी पोराचं नाव घालताना जातीचा रकाना भरला त्यांनी शाळेच्या प्रवेशाच्या कामासाठी भरला होता. त्या रजिस्टरातल्या एका शब्दावर आज पणतूचं शिक्षण ठरतंय. म्हणून शाळेचं जनरल रजिस्टर कायमचं, त्यात चर्चाच नको.

पण म्हणून सगळंच ठेवायचं का? नाही. इथं मी काकांना सोडते. सगळं ठेवलं की काहीच सापडत नाही, आमच्या प्यून बुकचं हेच झालं होतं. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमच्या एका शाखेत खालच्या कपाटांत पाणी शिरलं तेव्हा पोरांनी जीवावर उदार होऊन गठ्ठे वर नेले, आणि नंतर वाळत घालताना कळलं की वर नेलेल्यात निम्मे कोरे फॉर्म आणि जुन्या डिपॉझिट योजनांची जाहिरातपत्रकं होती, आणि जुनं सभासद रजिस्टर खालीच राहून त्याच्या पानांचा लगदा झाला होता. कुठल्या कपाटात काय हे आधी ठरलं असतं तर ते रजिस्टर पहिलं वर गेलं असतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

किती दिवस ठेवायचं ह्याला कायद्याचे आकडे आहेत. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, त्याच्या नियमांत 25 वर्षांपेक्षा जुनं रेकॉर्ड त्याचं मोल तपासल्याशिवाय नष्ट करता येत नाही. सहकारी संस्थांनी आपल्या कायद्यातलं, पोटनियमातलं बघावं आणि ऑडिटरला विचारावं. प्रोसिडिंग बुक, सभासद नोंदवही, जागेचे खरेदीखत ही कायमची, ह्यात दुमत नाही. आणि एक गोष्ट ठळक, ज्या विषयाचा दावा चालू आहे, तपासणी चालू आहे, त्या विषयाचा कागद मुदत संपली तरी हलवायचा नाही. मुदत संपलेलं टाकणं हा कारभार, दावा चालू असताना टाकणं हा गुन्हा होऊ शकतो.

आणि टाकलं त्याचीही नोंद ठेवावी लागते. पाच वर्षांनी कुणी विचारलं अमुक वर्षाची व्हाउचरं कुठं, तर 'ती आम्ही नियमानं नष्ट केली' हे कशावरून? तर यादीवरून, ठरावावरून. म्हणजे ती यादी स्वतःच एक रेकॉर्ड, आणि ती कायमची.

ह्या वर्षी आम्ही रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी गठ्ठे सोडले. काका, मी आणि नवीन लागलेला क्लार्क, तिघं खाली सतरंजीवर बसलो. एकेक कागद हातात घ्यायचा आणि तो पोरगा विचारायचा, "हा कुठल्या कामाचा?" पहिल्या दिवशी वेळ गेला, दुसऱ्या दिवशी हाताला सवय लागली. पण मला कळलं की हे रद्दीच्या दिवशी ठरवायचं कामच नाही, कागद तयार होतो त्या दिवशी ठरलं पाहिजे, तेव्हा काम डोळ्यासमोर असतं आणि करणारा माणूस जिवंत असतो. म्हणून आता प्रत्येक फाईलच्या पाठीवर तीन गोष्टी लिहायला लावल्या, कुठलं काम, कुठल्या वर्षाचं, कधीपर्यंत ठेवायची. झेरॉक्स असेल तर पेन्सिलीनं कोपऱ्यात 'नक्कल', म्हणजे वर्षाअखेरीला विचार न करता काढता येते.

काकांनी एक जुनी कोरी रोजकीर्द शोधून आणली, पानं नंबर घातलेली, आणि पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही. पहिली ओळ परिपत्रकांच्या झेरॉक्सची, दोन कपाटं, ठराव क्रमांकासह. खाली त्यांची सही, माझी सही, आणि उरलेल्या पानावर फुटपट्टीनं तिरपी रेघ.